ॲक्युपंक्चर आणि ड्राय नीडलिंग: सुई एकच, परवाने दोन

अमेरिकेत मानदुखीसाठी ॲक्युपंक्चरवाल्याकडे जा किंवा फिजिओथेरपिस्टकडे ड्राय नीडलिंगसाठी, म्हणजे स्नायूतल्या दुखऱ्या गाठीत कोरडी सुई टोचून घेण्यासाठी, जा, अंगात शिरते ती सुई बहुधा एकाच जातीची असते: बारीक, भरीव आणि औषधाविना. तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने 1996 मध्ये या सुईचा धोका-वर्ग खाली आणला आणि ती वापरण्यास पात्र कोण, हे ठरवणे राज्यांवर सोडले. घोळ तिथून सुरू होतो, कारण राज्ये नियम करतात ते सुईसाठी नव्हे, तर टोचणाऱ्याच्या व्यवसायासाठी.

ॲक्युपंक्चरच्या बाबतीत कॅलिफोर्नियाचे नियम सर्वांत कडक नियमांपैकी आहेत. 1975 मध्ये तिथे परवान्याचा कायदा झाला आणि आज परवान्यासाठी किमान 3,000 तासांचे शिक्षण लागते. त्यांपैकी 2,050 तास वर्गात आणि प्रयोगशाळेत, तर 950 तास देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांवर उपचार करण्यात जातात. त्यानंतर राज्याची परीक्षा द्यावी लागते.

ड्राय नीडलिंगचा उगम चीनमध्ये नाही. जॅनेट ट्रॅव्हेल या अमेरिकी डॉक्टरांनी स्नायूंतल्या दुखऱ्या गाठींचा, म्हणजे ट्रिगर पॉइंटचा, अभ्यास करून त्यांत भूल देणारे औषध टोचण्याची पद्धत रूढ केली; पुढे 1979 मध्ये कारेल लेविट या चेक डॉक्टरांनी असे मांडले की आराम पडण्यात औषधापेक्षा सुईचाच वाटा मोठा असावा. फिजिओथेरपिस्ट हे तंत्र पदवीनंतरच्या छोट्या अभ्यासक्रमांत शिकतात. मेरीलँडमध्ये त्यासाठी किमान 80 तास लागतात, तर कॅलिफोर्नियात फिजिओथेरपिस्टना ते करण्याची मुभाच नाही. न्यायालयांचेही एकमत झालेले नाही: वॉशिंग्टन राज्यात 2014 मध्ये एका न्यायालयाने हे तंत्र फिजिओथेरपीच्या कक्षेबाहेरचे ठरवले, तर नॉर्थ कॅरोलायनाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ते कक्षेतलेच मानले.

‘आमचा सिद्धांत वेगळा, म्हणून हे ॲक्युपंक्चर नव्हे’ हा फिजिओथेरपिस्टांचा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. सिद्धांत वेगळा आहे, हे खरेच: ॲक्युपंक्चर शरीरातल्या नाड्यांची कल्पना मानते आणि त्यांवरच्या ठरावीक बिंदूंत सुई टोचते, तर ड्राय नीडलिंग स्नायूंतल्या गाठी पाहते. परंतु ठरावीक बिंदू सोडून जिथे दुखते नेमकी तिथेच सुई टोचण्याची रीत चिनी परंपरेतही जुनी आहे आणि अशा जागांना तिथे ‘आ-शी’ (हा चिनी शब्द) बिंदू म्हणतात. शिवाय खांद्याजवळ सुई गरजेपेक्षा खोल गेली, तर फुप्फुसाला छिद्र पडण्याचा धोका दोन्हीकडे सारखाच असतो, मग टोचणाऱ्याच्या मनात नाड्या असोत वा स्नायू.

मात्र 3,000 विरुद्ध 80 हा आकडा जसाच्या तसा समोर ठेवणेही न्याय्य नाही. कॅलिफोर्नियाच्या 3,000 तासांत किमान 450 तास वनौषधींचे आहेत, त्यांचा सुईशी संबंध नाही. आणि फिजिओथेरपिस्टने 80 तासांआधी साधारण तीन वर्षांच्या डॉक्टरेट अभ्यासक्रमात शरीररचना पक्की केलेली असते. तुलना करायचीच, तर ती देखरेखीखाली प्रत्यक्ष सुई टोचण्यात किती तास गेले, याची हवी, आणि तिथे फिजिओथेरपिस्टचे पारडे हलकेच राहते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने 2016 मध्ये ड्राय नीडलिंग करणाऱ्या बिगर-डॉक्टरांसाठी ॲक्युपंक्चरसारखेच किमान निकष मागितले, त्यामागे हीच चिंता होती.

महाराष्ट्रातही हे दोन व्यवसाय वेगवेगळ्या कायद्यांखाली येतात: ॲक्युपंक्चरसाठी 2015 चा स्वतंत्र अधिनियम आहे, तर फिजिओथेरपिस्टांची नोंदणी 2002 च्या अधिनियमाने स्थापन झालेल्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे होते. त्यामुळे पुण्यात किंवा मुंबईत ड्राय नीडलिंग करून घेणाऱ्याने टोचणाऱ्याची नोंदणी कोणत्या परिषदेकडे आहे आणि सुईचे प्रशिक्षण त्याने कुठे व किती तास घेतले, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. पहिल्याच्या उत्तरातून दुसऱ्याचे उत्तर मिळत नाही.