कुंद्याने जंत होत नाहीत

"गोड खाऊ नकोस, जंत होतील." बेळगाव, खानापूर, निपाणीकडे कुंद्याचा (तिकडच्या दुधाच्या मिठाईचा) दुसरा तुकडा उचलणाऱ्या पोराला हे ऐकावंच लागतं. पण जंत साखरेतून येत नाहीत. जंतांच्याच अंड्यांतून येतात, आणि ती अंडी मातीतून.

गोल जंताचा अभ्यास डुकरावर करतात, कारण डुकराचा जंत माणसाच्या जंताचा अगदी जवळचा भाऊबंद. विष्ठेतली ताजी अंडी पोटात गेली तरी लागण होत नाही. ओलसर, उबदार जागी दोन-तीन आठवडे राहून आत अळी तयार झाली, तरच होते. अळी आतड्यातून यकृतात, मग फुफ्फुसात जाते, घशात चढून गिळली जाते आणि परत आतड्यात येऊन वाढते. उंदीर स्वस्त पडतो खरा, पण त्याच्यात ती फुफ्फुसापर्यंतच नीट पोचते, आतड्यात मोठा जंत वाढत नाही. मग या जंतावरचं औषध उंदरावर तपासून काय कळणार?

अल्बेंडाझोलची 400 मिलिग्रॅमची गोळी (एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, कुस्करून) पोटातले जंत मारते, मातीतली अंडी नाही. कोथिंबीर, गाजरं न धुता खाल्ली की पुन्हा तेच. अंकुशकृमी या दुसऱ्या जंताच्या अळ्या तर अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतात. तिथे चप्पलच हवी.