भूल दिली की मी आईला विसरणार का?

ऑपरेशनच्या आदल्या रात्री आम्ही बॅग भरत होतो. पहाटे डोंबिवलीहून परळला निघायचं होतं. तेवढ्यात माझ्या साडेतीन वर्षांच्या भाच्याने विचारलं, “मावशी, भूल दिली की मी आईला विसरणार का?” आठवडाभर घरात ‘भूल’, ‘ओटी’ (म्हणजे ऑपरेशन थिएटर), ‘सातला हजर’ हेच चाललं होतं. त्याला मात्र कुणी काही सांगितलं नव्हतं. म्हणून त्याने आपल्यापुरता अर्थ लावून घेतला: भूल म्हणजे भुलणं, भुलणं म्हणजे विसरणं.

त्याला अंतर्गळ, म्हणजे हर्निया होता. गर्भात मुलाची वृषणं पोटातून खाली उतरतात, तेव्हा पोटाच्या आतल्या पडद्याची एक चिंचोळी पिशवी त्यांच्यासोबत खाली येते. ती पुढे बंद व्हायला हवी. उघडी राहिली, तर मूल रडताना किंवा खोकताना आतडं तिच्यात घुसतं आणि जांघेत फुगवटा दिसतो. लहान मुलांत मोठ्यांसारखी जाळी बसवावी लागत नाही. पिशवीचं तोंड बांधलं की झालं. बहुतेक मुलं त्याच संध्याकाळी घरी जातात.

मुलाला हे सांगायचं कधी? तीन-चार वर्षांच्या मुलाला एक-दोन दिवस आधी, शाळकरी मुलाला आठवडाभर आधी. तीन-चार वर्षांची मुलं शब्द जसेच्या तसे घेतात आणि दुखणं ही आपल्याला झालेली शिक्षा आहे असं समजतात. ‘जेवला नाहीस तर डॉक्टरकाका सुई टोचतील’ हे वाक्य आपल्याकडे घरोघरी आहे. ते आधी बंद करायला हवं. आम्ही त्याला सांगितलं, “जांघेत फुगा येतो ना, तो डॉक्टर नीट करणार. तेव्हा तुला औषधाची झोप लागेल. उठल्यावर थोडं दुखेल, त्यावरही औषध आहे. आणि आई कुणी विसरत नाही.”

उपाशी ठेवण्यावरून घरात वाद होतातच. भूल दिल्यावर घशाची राखण करणारी हालचाल थांबते. पोटात काही असेल तर ते वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. म्हणून साधारण नियम असा: हलका आहार आणि गाईचं दूध 6 तास आधी बंद, आईचं दूध 4 तास आधी, साधं पाणी 2 तास आधी. पाण्याची मुभा आता काही ठिकाणी त्याहूनही जास्त वेळ देतात. दूध पातळ असलं तरी पोटात त्याचं दही होतं, त्यामुळे ते पाण्यात मोजत नाहीत. आजीने मायेपोटी भरवलेलं एक बिस्किटही भूलतज्ज्ञांना सांगायलाच हवं. सर्दी-खोकला असेल तर तोही. पावसाळ्यात मुंबईतली निम्मी मुलं शेंबडी असतात, पण सुजलेल्या श्वासनलिकेत भूल देताना स्वरयंत्र आवळण्याचा धोका वाढतो. तारीख पुढे ढकलली तर चिडू नका.

ओटीच्या दाराशी पालकांच्या तोंडी एकच वाक्य असतं: “काही नाही होत रे.” मुलांना सुई टोचतानाच्या क्षणांचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांना दिसलं आहे की अशी समजूत वारंवार घातली, तर मुलाची भीती बहुधा वाढते. मूल शब्दांपेक्षा आपला आवाज ऐकतं. त्यापेक्षा दुसरीकडे लक्ष वेधणं चांगलं. माझ्या बहिणीने त्याला मास्क हातात घेऊन फुगा फुगवायला सांगितलं. सातव्या-आठव्या फुंकरीला त्याची मान कलली आणि ती बाहेर येऊन भिंतीला टेकून रडली.

भुलेचा मेंदूवर परिणाम होईल का, ही भीती बहुतेक पालक बोलून दाखवत नाहीत. 7 देशांतल्या 722 तान्ह्या बाळांवर याचा अभ्यास झाला, तोही हर्नियाच्याच ऑपरेशनांत. निम्म्यांना पूर्ण भूल दिली, निम्म्यांना जागं ठेवून फक्त कमरेखालचा भाग बधिर केला. 2019 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार, तासाभराहून कमी भूल मिळालेल्या मुलांच्या पाचव्या वर्षीच्या बुद्ध्यंकात फरक नव्हता. अमेरिकेच्या औषध नियामकांनी 2016 मध्ये दिलेला इशारा तीन वर्षांखालच्या मुलांना 3 तासांहून जास्त किंवा वारंवार दिलेल्या भुलेबद्दल आहे.

सगळ्यात अवघड वेळ शुद्धीवर येतानाची असते, आणि नेमकं ते आम्हाला कुणी आधी सांगितलं नव्हतं. त्याने डोळे उघडले, पण नजर कुणावरच ठरेना. आईला ढकललं, पाय झाडले, “आई पाहिजे” म्हणून आईच्याच कुशीत किंचाळला. बहीण पांढरीफटक पडली. मुखवट्यातून दिलेल्या सेव्होफ्लुरेनसारख्या भुलेच्या वायूनंतर शाळेत न जाणाऱ्या वयाच्या मुलांत हे बऱ्याचदा दिसतं. डोळे उघडे, पण मेंदू पुरता जागा नाही. बहुतेकदा थोड्या वेळात ते आपोआप ओसरतं आणि मुलाला नंतर आठवतही नाही. अंधूक उजेड ठेवायचा, सलाईनचा हात सांभाळायचा, कमी बोलायचं, सिस्टर जवळ असू द्यायच्या. दहा-बारा मिनिटांनी तो थांबला आणि म्हणाला, “आई, पाणी.”

पुढचे काही दिवस तो रात्री दचकून उठायचा, दोनदा अंथरूण ओलं केलं. हे होतं, आणि बहुतेक मुलांत हळूहळू निवळतं. चौथ्या दिवशी त्याने आपल्या अस्वलाच्या तोंडावर स्टीलची वाटी धरून त्याला फुंकायला लावलं. सकाळपासून दूध प्यायलेलं नाही ना, हे त्याने अस्वलाला आधी विचारून घेतलं होतं.