खाज की वास? ‘पांढरं जाते’ म्हणताना लपणारे दोन वेगळे आजार

उपकेंद्रात सिस्टरला किंवा गावात आशाताईला सांगताना बहुतेक बाया एवढंच म्हणतात, “पांढरं जाते.” मेडिकलमध्येही तेवढाच निरोप जातो, बरेचदा नवऱ्याच्या हातून, आणि दुकानदार देईल ती गोळी घेतली जाते. पण या दोन शब्दांमागे नेहमी आढळणारे दोन आजार आहेत. एक बुरशीचा, त्यात खाज येते; दुसरा योनीतल्या जंतूंचं संतुलन बिघडल्याचा, त्यात वास येतो. दोन्हींची औषधं वेगळी आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

आधी जो आजारच नाही तो बाजूला काढू. पाळी येण्याच्या वयात रोज थोडा स्राव जाणारच, साधारण चहाच्या चमच्याहून कमी. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत, बीज सुटताना, तो पातळ आणि चिकट होतो, दोन बोटांत धरला तर तार येते. नंतर घट्ट, पांढरट होतो. गरोदरपणात वाढतो. निकरवर वाळला की पिवळसर डाग पडतो, तोही घाबरण्यासारखा नाही. खाज नाही, आग नाही, उग्र वास नाही, तर औषध नको. हाडं झिजून पांढरं जातं ही समजूत चुकीची आहे. त्यासोबत थकवा आणि चक्कर असेल तर हिमोग्लोबिन तपासा. गरोदर नसलेल्या बाईचं ते १२ ग्रॅमच्या खाली असेल तर तो रक्तक्षय, आणि त्यावर लोहाच्या गोळ्या हव्यात. सलाईनच्या बाटलीने तो भरून निघत नाही.

निरोगी योनीत लॅक्टोबॅसिलस नावाचे उपयोगी जंतू राहतात. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि तिथला पीएच, म्हणजे आम्लाचं माप (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त), ३.८ ते ४.५ च्या दरम्यान ठेवतात. या आम्लात बाकीच्या जंतूंना वाढायला वाव मिळत नाही. दोन आजारांतला फरक इथेच आहे. वासाच्या आजारात हे उपयोगी जंतू घटतात, गार्डनरेलासारखे दुसरे जंतू माजतात आणि पीएच ४.५ च्या वर जातो. बुरशीच्या आजारात आम्ल बहुधा जागेवरच असतं, तरी कॅन्डिडा ही बुरशी वाढते.

बुरशीची खूण म्हणजे खाज. स्राव घट्ट, पांढरा, चोथ्यासारखा. वास जवळपास नाही. बाहेरची कातडी लाल होते, सुजते, लघवीचा स्पर्श झाला की चुरचुरते. अँटिबायोटिकचा कोर्स झाल्यावर, गरोदरपणात आणि मधुमेहात ही जास्त होते. वर्षातून चार वेळा खाज परतली तर साखर तपासल्याशिवाय राहू नका. ओलसर, घट्ट कपडेही तिला पोसतात; रोवणीच्या दिवसांत बांधीतून घरी आल्यावर ओली निकर आणि परकर आधी बदला.

दुसऱ्या आजाराची खूण म्हणजे वास, माशासारखा. स्राव पातळ, राखाडी-पांढरा, सगळीकडे सारखा पसरलेला. खाज नसते किंवा अगदी थोडी असते. पाळीनंतर आणि संबंधानंतर वास वाढतो, कारण रक्त आणि वीर्य दोन्ही आम्लाचा जोर कमी करतात. वास येतो म्हणजे बाई अस्वच्छ, असं अजिबात नाही. उलट आतून जास्त धुण्यानेच हा आजार ओढवू शकतो. डेटॉल, तुरटीचं पाणी, मिठाचं पाणी, साबण, कडुनिंबाचा काढा, यातलं काहीही आत घालू नका. उपयोगी जंतूच वाहून जातात. बाहेरून साध्या पाण्याने दिवसातून एकदा धुतलं की पुरे, उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते त्या गावातही तांब्याभर पाण्यात भागतं. शौचानंतर हात पुढून मागे न्यायचा. पाळीचं कापड गार पाण्यात भिजवून साबणाने धुवा आणि उघड्या उन्हात वाळवा, लुगड्याखाली लपवून नाही.

औषध चुकतं कुठे ते पाहा. वासाच्या आजारावर मेट्रोनिडाझोल ४०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, जेवणानंतर, ७ दिवस देतात. तोंडाला धातूसारखी चव येते, मळमळतं, म्हणून पुष्कळ जणी तिसऱ्या दिवशी बरं वाटलं की सोडून देतात, आणि वास परत येतो. गोळ्या चालू असेपर्यंत आणि संपल्यावर दोन दिवस दारू घ्यायची नाही, मोहाचीसुद्धा. हीच गोळी खाजेला घेतली तर बुरशीचं काही बिघडत नाही. बुरशीला क्लोट्रिमाझोलची योनीत ठेवायची १०० मिलिग्रॅमची गोळी लागते, ६ ते ७ रात्री. हात धुऊन, उताणं पडून, गुडघे मोडून, बोटाने जाईल तितकी आत सरकवायची; गिळायची नाही. सकाळी थोडा पांढरा चुरा बाहेर येतो, तो औषधाचाच असतो. दुसरा पर्याय फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅमची पोटात घ्यायची एकच गोळी, पण ती गरोदर बाईने घ्यायची नाही. मेडिकलवरची ‘खुजलीची ट्यूब’ सगळ्यात जास्त घात करते. त्यात बरेचदा स्टिरॉइड असतं. चार दिवस खाज दबते, आत बुरशी वाढते आणि कातडी पातळ होते.

तपासणी साधी आहे. डॉक्टर योनीच्या भिंतीला पीएचची कागदी पट्टी लावून रंग पाहतात. स्रावाचा थेंब काचेवर घेऊन त्यात १०% पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकलं की वासाच्या आजारात माशाचा वास लगेच उठतो. तोच थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की बुरशी असेल तर तिचे धागे दिसतात. तरी बाया तपासणीला पोचत नाहीत. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन खेड्यांत ६५० बायांची तपासणी केली, ती १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. ९२% बायांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला. त्याआधी अशी तपासणी झालेल्या फक्त ८% होत्या.

जिथे सूक्ष्मदर्शक नाही तिथल्या सरकारी दवाखान्यांसाठी हिरव्या रंगाची किट ठरवलेली आहे, मोफत. त्यात सेक्निडाझोल २ ग्रॅम आणि फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅम, म्हणजे दोन्ही आजारांवर एकदमच उपाय. दोन्ही आजार एकाच वेळी असू शकतात, त्यामुळे हा मार्ग ठीक आहे. गरोदर असाल तर किट हातात घेण्याआधी सांगा. ७ दिवसांत फरक पडला नाही तर परत जा.

पिवळा-हिरवट, फेसाळ स्राव असेल तर तो तिसराच आजार, ट्रायकोमोनास. त्यात नवऱ्यालाही औषध लागतं, नाहीतर पुन्हा लागण होते.

ओटीपोटात दुखून ताप येणं, संबंधानंतर रक्त जाणं, पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा डाग दिसणं, घाण वासाचं रक्तमिश्रित पाणी जाणं, यातलं काहीही असेल तर किट घेऊन घरी बसू नका, ग्रामीण रुग्णालय गाठा. शेवटच्या तीन खुणा गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाच्याही असू शकतात. ३० वर्षांवरच्या बाईसाठी त्याची प्राथमिक तपासणी सरकारी दवाखान्यात होते: गर्भाशयाच्या तोंडावर सौम्य ॲसिटिक आम्ल लावतात, मिनिटभर थांबतात, आणि पांढरा चट्टा उठला तर पुढच्या तपासणीला पाठवतात.