पगारातून पीएफ कापला, पण खात्यात जमा नाही: तक्रार कोणी, कशी आणि कोणत्या कागदपत्रांसह करावी

पगारपत्रकावर दरमहा भविष्य निर्वाह निधीची कपात दिसते, पण ती रक्कम खात्यात जमाच होत नाही, असा अनुभव कंत्राटी कामगार, सुरक्षारक्षक, सफाई कर्मचारी आणि लहान कारखान्यांतील कामगारांना वारंवार येतो. कापलेले पैसे कामगाराच्या कष्टाचे असतात आणि मालकाकडे ते केवळ भरणा करण्यासाठी असतात. म्हणूनच ते कापून न भरणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 खाली फौजदारी न्यासभंग, म्हणजे विश्वासाने सोपवलेल्या पैशांचा अपहार, ठरू शकतो. याबाबत तक्रार करणे हा कामगाराचा हक्क आहे, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

ज्या आस्थापनेत 20 किंवा अधिक लोक काम करतात, तिला ही योजना सर्वसाधारणपणे लागू होते आणि पुढे संख्या घटली तरी ती लागूच राहते. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून 15,000 रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराला पहिल्या दिवसापासून सभासद करून घेणे बंधनकारक आहे. ‘अजून कायम झालेला नाहीस’ किंवा ‘तू ठेकेदाराचा माणूस आहेस’ ही कारणे कायद्यापुढे टिकत नाहीत. ठेकेदाराने रक्कम भरली नाही तर मूळ मालकाची, म्हणजे ज्याच्यासाठी ठेकेदार कामगार पुरवतो त्या आस्थापनेची, जबाबदारी संपत नाही, हे कंत्राटी कामगारांनी विशेष लक्षात ठेवावे.

तक्रारीपूर्वी स्वतःचे पीएफ पासबुक काळजीपूर्वक वाचावे. ते भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या, म्हणजे हा निधी सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या, संकेतस्थळावर यूएएन (सभासदाचा कायमचा पीएफ खाते क्रमांक) टाकून किंवा सरकारी सेवांच्या उमंग ॲपवर पाहता येते. प्रत्येक नोंदीत ‘वेज मंथ’, म्हणजे रक्कम कोणत्या महिन्याच्या वेतनाची आहे ते, आणि ‘ड्यू मंथ’, म्हणजे ती भरायचा पुढचा महिना, लिहिलेला असतो आणि पुढे तीन रकाने असतात: कामगाराचा हिस्सा, मालकाचा हिस्सा आणि निवृत्तिवेतनाचा हिस्सा. 15,000 रुपये वेतनावर पूर्ण भरणा झाला असेल, तर हे आकडे अनुक्रमे 1,800, 550 आणि 1,250 असे दिसतात. एका महिन्याची रक्कम पुढील महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायची असते. त्यामुळे चालू महिन्याची नोंद नसल्यास लगेच घाबरू नये, परंतु मागील दोन-तीन महिन्यांच्या नोंदी गायब असतील तर थांबू नये. खंड पडलेल्या महिन्यांमुळे केवळ शिल्लक कमी होते असे नाही, तर निवृत्तिवेतनासाठी लागणाऱ्या 10 वर्षांच्या सेवेच्या हिशेबातही वाद उभा राहू शकतो.

त्याच संकेतस्थळावर आस्थापनेचे नाव शोधल्यास तिने कोणत्या महिन्यासाठी किती रक्कम आणि किती कामगारांची भरली, हे कोणालाही पाहता येते. ही सोय फार थोड्यांना ठाऊक आहे. सर्वांचाच भरणा थांबला आहे की आपले एकट्याचे नाव वगळले आहे, हे यातून उघड होते आणि तक्रारीचा मजकूरही त्यानुसार ठरतो.

कागदपत्रांमध्ये सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कपात दाखवणारी पगारपत्रके आणि पगार जमा झाल्याचे बँक पासबुक. त्यांच्या जोडीला नेमणूकपत्र, ओळखपत्र, हजेरीची नोंद, भविष्य निधीचे पासबुक आणि आधारची प्रत ठेवावी. अनेक ठिकाणी पगारपत्रक दिलेच जात नाही. तेव्हा बँकेतील नोंदी, हजेरीकार्डाचा फोटो, पर्यवेक्षकाचे कामासंबंधीचे संदेश, जे काही नोकरी सिद्ध करील ते जोडावे. नोकरी सुटल्यावर हे पुरावे मिळवणे कठीण जाते, म्हणून ते नोकरीत असतानाच जमवलेले बरे.

तक्रार भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या ‘ईपीएफआयजीएमएस’ या तक्रार पोर्टलवर नोंदवावी. तेथे पीएफ सभासद हा पर्याय निवडून यूएएन टाकल्यावर नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी येतो, त्यामुळे जुना क्रमांक बंद झाला असेल तर तो आधी बदलून घ्यावा. ज्यांना यूएएन दिलेलाच नाही, त्यांनी ‘अदर्स’ हा पर्याय निवडावा. मजकुरात आस्थापनेचे नाव व पत्ता, कामाचा कालावधी, भरणा न झालेले महिने आणि दरमहा कापलेली रक्कम एवढे नेमके लिहावे. मालकाच्या वागणुकीचे वर्णन तेथे उपयोगी पडत नाही. मिळालेला नोंदणी क्रमांक जपून ठेवावा, कारण पुढील पाठपुरावा व स्मरणपत्र त्यावरच चालते.

एकट्याने नाव पुढे करण्याची भीती वाटणे स्वाभाविक आहे, कारण तक्रार करणाऱ्याला कामावरून काढण्याच्या धमक्या खरोखरच दिल्या जातात. अशा वेळी सर्व बाधित कामगारांनी सह्या करून किंवा कामगार संघटनेमार्फत क्षेत्रीय भविष्य निर्वाह निधी आयुक्तांकडे लेखी अर्ज द्यावा आणि आवक शिक्क्याची पोहोच घ्यावी. पुणे, ठाणे, वाशी, नाशिक, नागपूर, कोल्हापूर, सोलापूर आणि गोव्यात पणजी येथे ही कार्यालये आहेत. याशिवाय दर महिन्याच्या 27 तारखेला जिल्ह्यांमध्ये ‘निधी आपके निकट’ हे शिबिर भरते, तेथेही अर्ज घेतले जातात.

तक्रारीत तथ्य आढळल्यास अधिकारी मालकाकडून हजेरीपट व वेतननोंदी मागवून चौकशी करतात आणि थकबाकी निश्चित करणारा आदेश काढतात. त्यानंतरही भरणा झाला नाही तर बँक खाते किंवा मालमत्ता जप्त करून वसुली करता येते. चौकशीच्या तारखांना शक्य असेल तेव्हा स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत हजर राहावे, कारण मालकाने अपुरे हजेरीपट सादर केल्यास ते खोडून काढणारी कागदपत्रे कामगारांकडेच असतात.