हलगी शेकायची, तबला ठोकायचा

गणपतीच्या दिवसांत कोल्हापुरातला पाऊस पुरता सरलेला नसतो. मिरवणूक निघण्याआधी गल्लीच्या तोंडाशी रद्दीचा छोटा जाळ दिसतो आणि भोवती हलग्या धरून उभी असलेली पोरं. मध्येच कुणीतरी टिपरू (हलगी वाजवायची काडी) मारून बघतो, आवाज अजून 'भद्द' येतोय म्हणून पुन्हा जाळावर धरतो. बघणाऱ्यांतल्या काहींना ही वाद्यपूजा वाटते, काहींना जुनी रीत. प्रत्यक्षात सतारीची खुंटी पिळतात तसंच हे सूर चढवणं आहे, फक्त खुंटीच्या जागी आग.

हलगी म्हणजे गोल कड्यावर ताणून बसवलेलं बकऱ्याचं कातडं. कातडं मुख्यतः कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचं असतं आणि हे तंतू हवेतला ओलावा शोषतात. ओल शिरली की ते लांबतात, कातडं सैलावतं, शिवाय थोडं जडही होतं. कातड्याची कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. ताण पाव झाला तर सूर अख्खं सप्तक खाली येतो, आणि हार्मोनियमवरच्या एका पट्टीइतका उतरायला ताण 11 टक्क्यांनी घटला तरी पुरतं. दमट संध्याकाळी तेवढं सहज होतं.

शेकताना हलगी ज्वाळेत घालायची नाही, आचेवर धरायची. जिथे स्वतःचा तळहात धरवतो तेवढ्या अंतरावर. कडं सतत फिरवत ठेवायचं, नाहीतर एकच बाजू ताणली जाते आणि दुसरी ढिली राहून आवाज फाटतो. सगळ्यात मोठी चूक म्हणजे पावसात चिंब भिजलेली हलगी घाईने थेट जाळावर धरणं. ओलं कोलॅजन साधारण 60 ते 65 अंश सेल्सिअसच्या पुढे कायमचं आक्रसतं आणि कातडं कड्याजवळ चिरतं. आधी पुसून, वाऱ्यावर सुकवून मगच आच द्यावी. शेकलेलं कातडं गार झालं की पुन्हा ओल घ्यायला लागतं, म्हणून थोड्या वेळाने परत जाळ शोधावा लागतो. कातड्याऐवजी बसवलेल्या फायबरच्या पानाला ही कटकट नाही, कारण ते पाणी पीत नाही. आवाज मात्र जरा पत्र्यासारखा लागतो. पण भर पावसात तक्रार कोण करणार?

एवढं करूनही हलगीला 'सा' लावता येत नाही. याचं कारण कातड्याच्या स्वभावात आहे. तार छेडली की मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे उपस्वर निघतात. पूर्णांकांची ही रांग कानाला एकच सूर म्हणून ऐकू येते. गोल कातड्याचे उपस्वर मात्र 1.59, 2.14, 2.30, 2.65, 2.92 पट असे वेडेवाकडे पडतात. त्यांची मोट बांधता येत नाही, म्हणून कान त्याला सूर न म्हणता 'कडकडाट' म्हणतो. खासबाग मैदानात कुस्ती रंगते तेव्हा हाच कडकडाट हवा असतो. लांब बारीक काडीचा तीक्ष्ण ठोका गर्दीच्या गलक्यावर तरंगत शेवटच्या पायरीपर्यंत जातो. तिथे कुणाला षड्ज हवाय?

खासबागेपासून चालत जाण्याच्या अंतरावर गायन समाज देवल क्लब या संगीतसंस्थेत तबला लागतो तेव्हा मात्र षड्जाशिवाय भागत नाही. कातडं तेच, मग तिथे सूर कुठून आला? जगात यावर वेगवेगळ्या युक्त्या निघाल्या. युरोपातल्या टिंपनी या नगाऱ्यासारख्या वाद्यात मोठ्या भांड्यामुळे आणि हवेच्या भारामुळे काही उपस्वर 2:3:4 अशा प्रमाणाजवळ येतात. म्यानमारमधले वादक एकवीस ढोलांच्या वर्तुळात बसतात आणि भात व राख मळून केलेला गोळा प्रत्येक पानावर थापून सूर जुळवतात. आपल्या पखवाजाच्या डाव्या पुडीला, म्हणजे तोंडावर ताणलेल्या कातड्याला, कणीक लावतात, तीही वाजवण्यापुरती. तबल्याची शाई ही यातली सर्वांत कसबी युक्ती.

शाई म्हणजे शोभेचा काळा ठिपका नव्हे. ती मध्यभागी लावलेलं वजन आहे. मूळ कंपनात पुडीचा मध्य सगळ्यात जास्त हलतो, म्हणून वजनाचा फटका त्यालाच जास्त बसतो आणि मूळ सूर बराच खाली येतो. पुढच्या कंपनात पुडीचा एक अर्धा भाग वर, दुसरा खाली जातो आणि मध्य स्थिर राहतो. त्यामुळे ते तितकंसं उतरत नाही. परिणामी 1.59 पट असलेलं अंतर ताणलं जाऊन जवळजवळ 2 पट होतं. तसंच 2.14 आणि 2.30 हे दोन्ही 3 जवळ येऊन मिळतात, 2.65 आणि 2.92 हे 4 जवळ. त्यापुढची तीन कंपनं 5 जवळ जमतात. म्हणजे एकूण नऊ कंपनं मिळून पाच सुसंवादी उपस्वर! सी. व्ही. रमण यांनी शिवकाली कुमार यांच्याबरोबर 1920 साली यावर पहिला लेख लिहिला आणि 1934 मध्ये सविस्तर मांडणी केली. मधल्या काळात त्यांना प्रकाशाच्या कामासाठी नोबेल मिळालं होतं, तरी तबला सुटला नव्हता.

नुसतं वजन चिकटवून मात्र हे साधत नाही. लोखंडाची कडक चकती डकवली तर मध्यभाग ताठ होईल आणि वरची कंपनं बिघडतील. म्हणून लोहाची भुकटी, काजळी आणि खळ यांचा लगदा पातळ थरांनी चढवतात. प्रत्येक थर पुरता सुकण्याआधी गुळगुळीत दगडाने घोटतात, त्याने थरात बारीक भेगांचं जाळं पडतं. पुढचा थर आधीच्यापेक्षा लहान. भेगांमुळे शाईचे असंख्य सुटे कण होतात: वजन देतात, पण वाकायला आडवे येत नाहीत. भेगा म्हणजे दोष समजून त्या बुजवायला जाणारे हौशी लोक तबला मुका करून ठेवतात. टवका उडाला तर मात्र पुडी बदलावीच. वजन एका अंगाला झुकलं की जे कंपन सगळ्या दिशांना सारखं होतं त्याचे दोन किंचित वेगळे सूर होतात आणि आवाज थरथरतो. कितीही ठोका, जुळत नाही.

तबला आगीवर धरत नाहीत ते या शाईपायी. फार तापली की ती सुटते. त्याऐवजी हातोडीने गट्टे (वादीखाली अडकवलेले लाकडी ठोकळे) खाली ठोकून ताण वाढवायचा, आणि बारीक फरकासाठी गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या वेणीवर) हलके ठोके. गजऱ्याच्या सोळा घरांना, म्हणजे वादीमधल्या सोळा जागांना, ओळीने मारत जायचं नाही. एका घरानंतर त्याच्या समोरचं घर घ्यायचं, नाहीतर हलगीसारखाच एका बाजूला ताण पडतो.

आणि वाद्यं कोणत्या कंपनसंख्येला जुळवावीत यावर '432 कंपनं विश्वाची, 440 घातक' असा फिरता संदेश आला तर एवढंच बघावं की ही कंपनं सेकंदाला मोजलेली आहेत आणि सेकंद माणसाने ठरवला आहे. सेकंद थोडा लांब धरला असता तर विश्वाने आकडा बदलला असता का? आपल्याकडे तर काळी एकचा गायक आणि काळी चारची गायिका हार्मोनियमच्या वेगवेगळ्या पट्ट्यांवर आपापला षड्ज घेऊन बसतात.

रमण यांचा प्रयोग घरीही जमतो. चांगल्या लागलेल्या तबल्यावर कोरडी बारीक वाळू चिमूटभर पसरा. अनामिका शाईच्या कडेशी हलकी टेकवून तर्जनीने किनारीवर 'ना' हा बोल वाजवा. न हलणाऱ्या रेषेकडे वाळू सरकते. अनामिकेपाशी सुरू होऊन पुडी ओलांडणारी ही रेषा दिसू लागते. झाल्यावर वाळू कोरड्या मऊ फडक्याने झटका. ओला फडका नको, शाईची खळ पाण्याने सुटते.