पाटी पुणेरी, नोटीस सोसायटीची

मागच्या पावसाळ्यात आमच्या सूचनाफलकावर एक नोटीस लागली. 'कुत्र्यांनी जिन्यात घाण केल्यास त्यांच्याकडून रु. 500 दंड वसूल करण्यात येईल.' खाली सेक्रेटरींची सही, सोसायटीचा गोल शिक्का. संध्याकाळपर्यंत तिचा फोटो ठाण्याच्या मावसबहिणीकडून मलाच परत आला. वर मथळा, 'पुणेरी पाटी'. मी मनातल्या मनात पाट्यांची माफी मागितली.

दोन्ही वाचून हसू येतं, म्हणून ही गल्लत होते. पण पाटी लिहिणाऱ्याला आपण काय लिहितोय ते पक्कं माहीत असतं. नोटीस लिहिणाऱ्याला ते दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये कळतं.

पाटी ही मूळची सदाशिव, नारायण, शनिवार अशा पेठांतल्या वाड्यांच्या दारावरची. 'बेल एकदाच वाजवावी, आम्ही म्हातारे आहोत, बहिरे नाही' या छापाची. तिच्यातला एक शब्द काढता येत नाही. मालकानं ती महिनाभर घोळवलेली असते, आणि पेंटर अक्षरागणिक पैसे लावणार हेही डोक्यात असेलच. सही नसते, कारण गरज नसते. घर कुणाचं ते गल्लीला ठाऊक असतं. शिवाय पाटी शब्दाला जागते. 'दुपारी 1 ते 4 बंद' हे वर्षानुवर्षं पाळणारं चितळ्यांचं मिठाईचं दुकान 2017 मध्ये त्या वेळेत उघडं राहू लागलं, तर त्याची बातमी झाली होती.

नोटिशीचं दुखणं वेगळं. सेक्रेटरी हा निवडून आलेला, बिनपगारी, आणि ज्याला दम द्यायचा त्याच्याच शेजारी राहणारा माणूस. त्याला रागवायचंय, पण आपण रागावलोय असं दिसू द्यायचं नाहीये. म्हणून तो सरकारी मराठीच्या आडोशाला जातो. 'करण्यात येईल', 'घेण्यात येईल', 'सदर', 'उपरोक्त'. या भाषेत करणारा कोण ते सांगावंच लागत नाही, आणि करणारा गायब झाला की उरलेली सर्वनामं समोर दिसेल त्याला जाऊन चिकटतात. आमच्या नोटिशीत ती कुत्र्यांना चिकटली. वाक्य लिहिताना मालक सेक्रेटरींच्या डोक्यात होते, कागदावर आलेच नाहीत.

असाच दुसरा नमुना: 'मयत सभासदांनी वारस नोंदणीचा अर्ज स्वतः कार्यालयात आणून द्यावा.' किंवा, 'गच्चीवर वाळत घातलेले पापड व लहान मुले यांची जबाबदारी सोसायटी घेणार नाही.' इथे तर बिचारा 'व' एकटाच गुन्हेगार आहे. 'लिफ्ट बंद असताना लिफ्टचा वापर करू नये' यात व्याकरण निर्दोष आहे, चूक फक्त विचारात आहे.

कधी कधी मात्र सेक्रेटरींचा काहीच दोष नसतो, विनोद नियमातच असतो. वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यायची असते. गणपूर्तीसाठी उपविधींप्रमाणे दोन तृतीयांश किंवा 20, यांतले जे कमी तितके सभासद लागतात. तितके येत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक असल्यानं नोटिशीतच छापलेलं असतं की गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासानं त्याच जागी भरेल आणि तिला गणपूर्तीची गरज राहणार नाही. परिणामी जाणकार सभासद अर्धा तास उशिरा येतात, आणि गणपूर्ती होत नाही.

पाटी कोणती आणि नोटीस कोणती, हे ओळखायची माझी एक खूण आहे. मजकूर दुरुस्त करून बघायचा. 'मालकांकडून दंड' असं केलं की कुत्र्यांच्या नोटिशीतली गंमत संपली. उरला नुसता दंड. बेलच्या पाटीत दुरुस्त काय करणार? ती आधीच शुद्ध आहे. टोचते ती शुद्ध आहे म्हणूनच.

हल्ली एक तिसरी, संकरित जात निघाली आहे. फॉरवर्ड वाचून वाचून चेव आलेले सेक्रेटरी मुद्दाम पाटीसारखी नोटीस लिहितात, शेवटी हसऱ्या चेहऱ्याचं चित्र टाकतात. पाटी कधी हसत नाही, एवढं त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

आमच्याकडे पुढे असं झालं की तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी लेखी अर्ज दिला: आमच्या ब्रूनोला उत्पन्नाचं साधन नाही, तरी दंड हप्त्यानं भरू द्यावा. कमिटीची मीटिंग झाली. चार दिवसांनी फलकावर शुद्धिपत्रक आलं, सही-शिक्क्यासह:

'मागील नोटिशीत "त्यांच्याकडून" याऐवजी "त्यांच्या मालकांकडून" असे वाचावे. तरी सर्व संबंधित कुत्र्यांनी याची नोंद घ्यावी.'