लघवीची नळी किती दिवस ठेवायची?

रुग्ण दाखल झाला तेव्हा जो संसर्ग त्याच्या शरीरात नव्हता, आतल्या आत मुरतही नव्हता, आणि जो साधारण ४८ तास उलटल्यानंतर दिसू लागला, त्याला रुग्णालयजन्य संसर्ग म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ सालच्या अहवालानुसार, श्रीमंत देशांतल्या रुग्णालयांत अल्पकालीन उपचारांसाठी दाखल झालेल्या दर १०० रुग्णांपैकी ७ जणांना, तर कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना असा किमान एक संसर्ग होतो, आणि झालेल्यांपैकी सरासरी दहातला एक दगावतो.

हा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर डागाळलेल्या भिंती आणि तुंबलेली स्वच्छतागृहे येतात. ती तक्रार रास्तच आहे, पण चकचकीत अतिदक्षता विभागातही हे संसर्ग होतात. त्यांची एक मोठी वाट आपणच उपचारासाठी उघडून दिलेली असते. ती म्हणजे शरीरात घातलेली नळी.

निरोगी शरीराला स्वतःचे पहारे असतात. त्वचा जंतूंना आत येऊ देत नाही, लघवीची धार मूत्रमार्ग धुऊन काढते, खोकल्याची उबळ श्वासनलिकेत उतरलेले बाहेर फेकते. मानेतल्या किंवा छातीतल्या मोठ्या शिरेत घातलेली सेंट्रल लाइन पहिला पहारा ओलांडते, लघवीची नळी दुसरा, आणि व्हेंटिलेटरची नळी तिसरा. शिवाय प्लास्टिकवर किंवा सिलिकॉनवर जिवाणू नुसते बसत नाहीत. ते स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतात आणि त्या थराच्या आडोशाने वाढतात. या थराला बायोफिल्म म्हणतात. त्याच्या आतल्या जिवाणूंपर्यंत शरीराच्या संरक्षक पेशी नीट पोहोचत नाहीत आणि प्रतिजैविकेही पुरेशी लागू पडत नाहीत, म्हणून अनेकदा औषधाचा डोस वाढवण्यापेक्षा नळी काढणे किंवा बदलणे हाच खरा उपचार ठरतो. क्लेब्सिएला, अ‍ॅसिनेटोबॅक्टर यांसारखे, बहुतेक प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू आपल्याकडच्या अतिदक्षता विभागांत ठाण मांडून असताना तर हे अधिकच खरे आहे.

लघवीची नळी आत असेल, तर लघवीत जिवाणू सापडण्याची शक्यता दर दिवशी साधारण ३ ते ७ टक्क्यांनी वाढत जाते. लघवीत जिवाणू सापडले म्हणजे प्रत्येक वेळी आजार झाला असे नव्हे, पण आजाराची सुरुवात तिथूनच होते. म्हणून ‘नळी कशी घातली’ याइतकाच ‘ती किती दिवस राहिली’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि आपल्याकडे तो फार कमी वेळा विचारला जातो, असे माझे मत आहे.

माझ्या वडिलांच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना सोनोग्राफीसाठी खाली न्यायचे होते. स्ट्रेचरवर घेताना वॉर्डबॉयने खाटेला अडकवलेली लघवीची पिशवी काढली आणि ती सहज त्यांच्या पोटावर ठेवली. पिशवी मूत्राशयाच्या वर गेल्याबरोबर नळीतली पिवळी रेघ उलटी, आत सरकताना मला दिसली. तासन्‌तास पिशवीत साठलेली, जंतू वाढलेली लघवी पुन्हा मूत्राशयात जाणे म्हणजे संसर्गाला दिलेले निमंत्रणच. पिशवी नेहमी कमरेच्या खाली लटकती हवी, पण जमिनीला टेकता कामा नये. नळी आणि पिशवी यांचा सांधा विनाकारण उघडू नये. पिशवी रिकामी करताना तिची तोटी भांड्याला लागू नये. यातल्या एकाही गोष्टीला पैसे लागत नाहीत.

नियम पाळल्याने खरोखर फरक पडतो का, याचे उत्तर अमेरिकेतल्या मिशिगन राज्याने दिले आहे. तिथल्या शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांनी सेंट्रल लाइनसाठी पाच साध्या गोष्टी ठरवून घेतल्या: हात धुणे, नळी घालताना रुग्णाला संपूर्ण निर्जंतुक कापडाने झाकणे, त्वचा क्लोरहेक्सिडीनने पुसणे, शक्यतो जांघेतली शीर टाळणे आणि गरज संपताच नळी काढणे. डॉक्टरने एखादी पायरी गाळली, तर त्याला थांबवण्याचा अधिकार परिचारिकांना दिला गेला. मला तर हाच सगळ्यात मोलाचा भाग वाटतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नळीमुळे रक्तात होणाऱ्या संसर्गाचे प्रमाण १८ महिन्यांत जास्तीत जास्त ६६ टक्क्यांनी घटले होते.

हातांचे महत्त्व वेगळे सांगायला नको, तरी एक बारकावा सांगितला पाहिजे. हातमोजे घालणे म्हणजे हात धुणे नव्हे. एकाच जोडीने चार खाटांवर फिरलेले मोजे चारही रुग्णांचे जंतू वाहून नेतात. रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी आणि केल्यानंतर अल्कोहोलयुक्त द्रव हातांवर २० ते ३० सेकंद चोळावा, हात दिसण्याइतके मळलेले असतील तर साबण-पाणीच वापरावे. भेटीला येऊन थेट खाटेवर बसणाऱ्या आम्हा नातेवाइकांनाही हे तितकेच लागू आहे.

लघवीची नळी स्वतः ओढून काढण्याचा प्रयत्न कुणीही करू नये, कारण ती आत पाण्याने फुगवलेल्या लहानशा फुग्याच्या आधाराने अडकलेली असते. मात्र सकाळच्या राउंडला डॉक्टरांना ‘ही नळी आज लागणार आहे का?’ असे विचारण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. वडिलांच्या बाबतीत आईने ते चौथ्या दिवशी विचारले. डॉक्टरांनी केसपेपर चाळला आणि ‘नाही, काढूया’ म्हणाले. सिस्टरनी सिरिंजने फुग्यातले पाणी ओढून घेतले, मिनिटभरात नळी बाहेर आली, आणि दुपारी वडील वॉकर धरून स्वतःच्या पायांनी बाथरूमपर्यंत गेले.